कारखान्याच्या वसाहतीचा इतिहास कसा नोंदवायचा : किर्लोस्करवाडीचे उदाहरण घेऊन

किर्लोस्करवाडी, वालचंदनगर, रावळगाव, कऱ्हाडजवळची ओगलेवाडी ही सगळी कारखान्यांनी वसवलेली गावे. त्यांच्याविषयी वाचायला घेतले की बहुतेक वेळा संस्थापकाचे चरित्र हाती येते. माळ कसा विकत घेतला, पहिले यंत्र कसे आणले, माल कसा खपला हे त्यात असते. त्या माळावर पुढे तीन-चार पिढ्या राहिल्या, त्यांना आपण एका गावचे आहोत असे कशामुळे वाटू लागले, हे त्यात क्वचितच सापडते. ते ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्या कपाटांतले कागद दर आवराआवरीत रद्दीत जात आहेत. म्हणून हे काम घरांपासून सुरू करावे, असा आमचा आग्रह आहे. कोणत्या घरात कोण राहत होते याचा नकाशा हाती आला की बाकीची माहिती त्याच्याभोवती आपोआप जुळत जाते.

पद्धत कोणत्याही कारखाना-गावाला चालेल. उदाहरण आजच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचे घेतले आहे, पुढे तिला नुसते 'वाडी' म्हटले आहे.

आधी सनावळी, तीही एका पानात

मुलाखती सुरू करण्यापूर्वी छापील साधनांतून मोठ्या घटनांची एकपानी सनावळी करा. वाडीची साधारण अशी होईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी जागा हवी होती, त्यामुळे बेळगावातला कारखाना हलवावा लागला. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला आणि १९१० मध्ये वस्ती सुरू झाली. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. १९४० च्या दशकात हरिहर, बंगळूर आणि पुण्यात समूहाचे नवे कारखाने उभे राहिले.

शेवटच्या वाक्याखाली रेघ मारून ठेवा. नवा कारखाना निघाला की त्याला सरावलेले हात लागतात, आणि ते जुन्या कारखान्यातून जातात. त्यामुळे वाडीच्या काही कुटुंबांचे धागे आज खडकीत किंवा हरिहरमध्ये सापडतील. मुलाखतींची यादी फक्त वाडीत राहणाऱ्यांची केलीत, तर जे गेले त्यांची बाजू कायमची निसटते.

सनावळीच्या शेजारी दुसरा रकाना प्रशासनाचा हवा. नवशिक्यांचे सर्वांत जास्त दिवस वाया जातात ते इथे. १९४८ पर्यंत हा भाग औंध संस्थानात होता, म्हणजे मुंबई इलाख्याचे कायदे आणि दप्तरे तिथे आपोआप लागू नव्हती. संस्थान विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. आजचा तालुका पलूस. १९२५ सालचा कागद 'सांगली जिल्हा, किर्लोस्करवाडी' या नावाने शोधला तर मिळणार नाही, तो 'औंध' आणि 'कुंडल' या नावांखाली शोधावा लागेल. स्टेशनाचे नावही आधी कुंडल रोड होते, म्हणून जुनी पत्रे, पार्सलच्या पावत्या आणि वेळापत्रके त्याच नावाने चाळा. पुराभिलेखागारात किंवा तहसील कार्यालयात जाताना गावाची सगळी जुनी नावे एका चिठ्ठीवर लिहून न्या. जमिनीसाठी जुने सातबारा उतारे आणि त्यांवरचे फेरफार मागा. माळ कोणाच्या नावावर होता आणि पुढे वाढीव जमीन कोणाकडून घेतली गेली हे फेरफारात दिसते. ज्यांची जमीन गेली त्या घरांतली माणसे पुढे त्याच कारखान्यात कामाला लागली का, हा प्रश्न इथूनच निघतो.

'किर्लोस्कर खबर'सारखी नियतकालिके वाडीच्या दैनंदिन जीवनाची मोठी खाण आहेत, पण ती व्यवस्थापनाच्या बाजूने लिहिलेली आहेत. त्यांतून समारंभ, पाहुणे आणि नवी यंत्रे घ्या. पगार, रजा, दंड, अपघात यांसाठी कामगारांच्या घरचे कागदच लागतील.

घरांचा नकाशा

मूळ ३२ एकर म्हणजे सुमारे १३ हेक्टर. जागा चौकोनी धरली तर एक बाजू साधारण ३६० मीटर येते. १:५०० प्रमाणात ती ७२ सेंटीमीटर होते, म्हणजे ए-झिरो कागदावर नीट मावते आणि प्रत्येक घराच्या चौकोनात नाव लिहायला जागा उरते. १:१००० घेतले तर कागद लहान लागतो, पण चाळीतल्या खोल्या इतक्या बारीक येतात की वृद्धांना दिसत नाहीत. वसाहत पुढे वाढली असेल तर भाग पाडून दोन-तीन कागद करा. पायाचा नकाशा म्हणून सिटी सर्व्हेचा नकाशा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर उपग्रह-चित्रावरून रस्ते, इमारती आणि रेल्वेची रेघ उतरवून घ्या आणि दोन-चार अंतरे टेपने मोजून प्रमाण तपासा.

या पायावर ट्रेसिंग पेपरचे थर ठेवायचे, दर वीस वर्षांना एक. प्रत्येक थराच्या चारही कोपऱ्यांवर जुळणीची फुली काढा, नाहीतर थर सरकतात आणि एका घरातले कुटुंब शेजारच्या घरात जाऊन बसते.

घरांना तुमचे स्वतःचे क्रमांक द्या. कंपनीचे क्वार्टर नंबर वापरू नका, कारण दुरुस्ती, विभागणी किंवा नवी बांधणी झाली की ते बदलतात आणि १९५५ चा १२ नंबर १९८५ च्या १२ नंबरापासून दोन गल्ल्या दूर निघतो. कंपनीचा नंबर वेगळ्या रकान्यात ठेवा. प्रत्येक घरासाठी वहीत एक पान असू द्या : कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कुटुंबप्रमुखाचे खाते (कारखान्यातला विभाग), घरात किती माणसे, मूळ गाव, भाडे पगारातून कापले जात होते का, घर सोडल्यावर कुठे गेले.

नकाशा भरताना लोकांना एकत्र बसवू नका. पाच जण एका टेबलाभोवती आले की त्यातला सर्वांत मोठ्या आवाजाचा नकाशा भरतो आणि बाकीचे माना डोलावतात. आधी तिघांकडून स्वतंत्रपणे, तीन वेगवेगळ्या प्रतींवर भरून घ्या. त्यात एक तरी बाई हवी. पुरुषांना खात्यातली माणसे लक्षात असतात, बायकांना दोन्ही बाजूंची आणि पाठीमागची घरे. तिघांचे जिथे जुळते ते शाईने, जिथे जुळत नाही तिथे दोन्ही नावे पेन्सिलीने. नंतर एकत्र बैठक घ्या आणि फक्त पेन्सिलीच्या नोंदींवर बोला.

घरांइतकेच महत्त्व घरांच्या मधल्या गोष्टींना आहे. पाण्याचा नळ आणि हौद, कपडे धुण्याची जागा, सार्वजनिक संडास, गिरणी, किराणा, न्हाव्याचे दुकान, शाळा, देऊळ, तालीम, सायकल स्टँड, कुंपण, आणि कुंपणाला पाडलेली पायवाट. सकाळी पाणी किती वाजता यायचे आणि नळावर कोणत्या दोन गल्ल्या एकत्र यायच्या, एवढे विचारले तरी कोणाची कोणाशी ओळख होती हे अर्धे कळते. अधिकाऱ्यांचे बंगले आणि कामगारांच्या खोल्या यांच्यात अंतर किती होते, मध्ये काय होते, मुले एकाच मैदानावर खेळत होती का, हेही नकाशावर मांडा. वस्ती कोणी कशी आखली त्याचा परिणाम रोजच्या उठण्याबसण्यावर होतो, आणि तो शब्दांपेक्षा नकाशावर चटकन दिसतो.

एक मोठी चूक इथे हमखास होते. वसाहतीत राहणारे कामगार सगळ्या कामगारांतला एक भाग असतात. बाकीचे आजूबाजूच्या गावांतून येतात. म्हणून दुसरा नकाशा काढा, गेट मध्यभागी धरून पंधरा किलोमीटरचा. कुंडल, पलूस, बुर्ली, रामानंदनगर अशा गावांतून कोण कसे यायचे, पायी, सायकलने, रेल्वेने की एसटीने, किती वाजता निघावे लागे, पावसाळ्यात ओढा भरला तर काय करत, हे त्यावर येऊ द्या. या माणसांचे एक पाऊल शेतात असते. ऊसतोडीच्या आणि सुगीच्या दिवसांतली गैरहजेरी, भाऊबंदकीतल्या वाटण्या, पगारातून खोदलेली विहीर आणि तिच्यावर बसवलेला पंप, हे सगळे त्यांच्या नोंदीत आले पाहिजे. वाडीत राहणारा आणि वाडीला कामाला येणारा या दोघांची गावाविषयीची भावना सारखी नसते. दोन्ही नीट नोंदवा आणि त्यांची सरासरी काढू नका.

कामाच्या क्रमाने प्रश्न

'तुमचा अनुभव सांगा' असे विचारले की समारंभातले भाषण ऐकायला मिळते. माणसाला आठवते ते हाताने केलेले काम, म्हणून प्रश्नांचा सांगाडा मालाच्या प्रवासावर बांधा. ओतकामाच्या कारखान्यात तो असा असतो : लाकडी पॅटर्न, वाळूचा साचा, आतल्या पोकळीसाठी कोअर, क्युपोला भट्टीत कोक, चुनखडी आणि बिडाचे थर, रस ओतणे, साचा फोडणे, फेटलिंग (ओतीव भागाला चिकटलेली वाळू आणि जादा धातू काढणे), मशीन शॉप, जुळणी, चाचणी, रंग, पॅकिंग. मुलाखत घेणाऱ्याला हा क्रम पाठ असावा. म्हातारे टर्नर किंवा मोल्डर समोरच्याला काम कळते का हे दोन प्रश्नांत ओळखतात. कळते असे दिसले की खुलतात.

मग प्रत्येक टप्प्यावर छोटे, नेमके प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी कोणत्या गेटने आत गेलात, कोणी आणले? तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा हजेरीचा क्रमांक, किती? शिकवले कोणी, आणि शिकवताना काय दडवून ठेवायचे? ओतण्याच्या दिवशी जेवण किती वाजता व्हायचे? हातात, पायात काय घालायला मिळायचे? रस उडून भाजल्यावर कुठे नेत? फेटलिंगला असलेल्यांना पुढे दम्याचा किंवा छातीचा त्रास झाला का? हा शेवटचा प्रश्न टाळू नका. वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीने फुप्फुसे निकामी होतात, आणि अनेक घरांत त्या आजाराचे नाव कधी घेतलेच गेलेले नसते. घरच्यांना विचारताना 'खोकला केव्हापासून होता' इतके साधे विचारावे.

कामगारांचे प्रकार स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या लेखी नियमांत, दिलेले असतात : कायम, तात्पुरते, बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेले), परीक्षाधीन, शिकाऊ. त्यांत कंत्राटी कामगार स्वतः जोडून घ्या आणि प्रत्येक प्रकारातली माणसे यादीत आहेत ना ते पाहा. स्मरणिकांत आणि सत्कारांत कायम कामगारच असतात. कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, वाळू आणि कोक उतरवणाऱ्या माणसांची नावे त्यांत सापडत नाहीत. लक्ष्मणरावांनी गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या माणसांना विश्वासाने राखणीच्या कामावर घेतले, ही गोष्ट वाडीच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. त्या माणसांच्या मुलानातवंडांना वाडीत पुढे काय मिळाले, घर, शाळा, कायम नोकरी, हे विचारायला जा. संस्थापकाच्या चांगुलपणाची गोष्ट त्या घरांतून पुढे नेली की ती खऱ्या अर्थाने गावाची गोष्ट होते.

बायकांच्या मुलाखती वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत घ्या. नवरा शेजारी असला की उत्तरे तोच देतो. तीन पाळ्यांच्या घरात स्वयंपाक किती वेळा व्हायचा, दिवसा झोपलेल्या माणसासाठी मुलांना कुठे पाठवत, उधारीची वही कोणाकडे, भिशी कधी सुरू झाली, हळदीकुंकवाला बंगल्यांतल्या बायका चाळीत यायच्या का, बाळंतपणाला कोण धावून यायचे. रातपाळीचा ताण कारखान्याइतकाच घरातही असतो. हाक मारताना त्या घरची रीत पाळा. सांगलीकडे आबा, तात्या, अण्णा, आक्का, मामी असे चालते. सगळ्यांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणत गेलात तर दार उघडेल, बोलणे मात्र उघडणार नाही.

ध्वनिमुद्रण

दोघांनी जावे. एक बोलतो, दुसरा यंत्र आणि वही सांभाळतो. एकट्याने दोन्ही केले की कुठेतरी बॅटरी संपते आणि अर्ध्या तासाने लक्षात येते.

चांगला फोन आणि कॉलरला लावायचा माइक पुरेसा आहे. फोन विमान-मोडवर ठेवा, नाहीतर आलेला कॉल ध्वनिमुद्रण तोडतो. डब्ल्यूएव्ही स्वरूप, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवले की एका माइकच्या तासाभराला सुमारे ५२० एमबी जागा लागते, म्हणून निघण्यापूर्वी ५ जीबी मोकळी करा. माइक हनुवटीखाली एक वीत. साडीचा पदर किंवा शालीचे टोक माइकवर घासते आणि सगळे मुद्रण खरखरते, तेव्हा माइक घासणार नाही अशा बाजूला लावा. पंखा बंद करणे शक्य नसेल तर बोलणाऱ्याची पाठ पंख्याकडे करा. फ्रिज, कुकर आणि टीव्ही यांचा आवाज कानाला सवयीचा असल्याने जाणवत नाही, मुद्रणात मात्र तोच पुढे येतो. दोन मिनिटे मुद्रण करून हेडफोनवर ऐका, मगच सुरुवात करा.

सुरुवातीला तारीख, जागा, कोणाची मुलाखत, कोण घेत आहे आणि त्यांची परवानगी आहे हे मुद्रणातच बोलून घ्या. लेखी संमती वेगळी. त्यात तीन चौकटी ठेवा : सगळे जाहीर चालेल, नाव न घालता चालेल, अमुक भाग अमुक वर्षापर्यंत बंद ठेवावा. एका बैठकीला तास ते सव्वा तास. त्यापुढे म्हाताऱ्या माणसाचा आवाज बसतो आणि उत्तरे आखूड होतात. पुन्हा जा. दुसऱ्या भेटीत अडगळीतली ट्रंक निघते.

लिहून काढायला एका तासाच्या मुद्रणास सहा ते आठ तास लागतात. फोनमधली आवाजावरून टंकणारी सोय कच्च्या मसुद्यापुरती चालते, पण फौंड्रीतले शब्द, आडनावे आणि सांगली-साताऱ्याकडची बोली ती बिघडवते. बोली प्रमाण मराठीत दुरुस्त करू नका. 'आलतो', 'गेलतो' तसेच राहू द्या. निदान प्रत्येक पाच मिनिटांना विषयाची एक ओळ तरी त्याच आठवड्यात लिहून ठेवा. सूची नसलेल्या मुलाखतीत पुन्हा काही शोधायला कोणी बसत नाही.

साल कसे काढायचे

'कोणत्या साली?' असे विचारले की माणूस अंदाजे आकडा देतो, आणि मग तो आकडा खरा म्हणून फिरत राहतो. साल विचारू नका. आधी की नंतर, एवढेच विचारा. या भागासाठी खुंट्या भक्कम आहेत : ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९७५ ची आणीबाणी, पुणे-मिरज मार्गाचे मीटरगेजचे ब्रॉडगेज होणे. त्यात घरच्या खुंट्या घाला, म्हणजे थोरल्याचा जन्म, बहिणीचे लग्न, कायम झाल्याचे पत्र. दोन खुंट्यांच्या मध्ये घटना पडली की नोंद '१९६७ ते १९७२ च्या दरम्यान' अशी करा. तेवढी नोंद प्रामाणिक असते आणि पुढे एखाद्या पावतीने ती नेमकी होऊ शकते.

घरातले कागद

लोक म्हणतात, आमच्याकडे काही नाही. मग यादी वाचून दाखवा : नेमणूकपत्र, तिकिटाचा पितळी बिल्ला, हजेरी कार्ड, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, पतपेढीचे पासबुक, ग्राहक भांडाराची वही, क्वार्टर दिल्याचे किंवा रिकामे करण्याचे पत्र, कारणे दाखवा नोटीस, वेतनकराराची प्रत, युनियनची पावती आणि पत्रक, मुलाचा शाळेचा दाखला, गणेशोत्सवाची वर्गणीपावती, नाटकाचे हस्तपत्रक, खात्याचा समूहफोटो. यादी अर्ध्यावर येते तोच कोणीतरी माळ्यावर चढते.

मूळ कागद घराबाहेर नेऊ नका. एक हरवला की सगळ्या गावाची दारे बंद होतात. स्कॅनर घरी न्या. कागदांना ३०० डीपीआय, फोटोंना ६००. ए-फोर कागद किंवा चार बाय सहाचा फोटो, दोन्हींची टिफ फाइल सुमारे २६ एमबीची होते. लोकांना पाठवायला जेपीजी वेगळी करा. फोटोची मागची बाजू न चुकता घ्या, नावे तिथे असतात. कोणी तुमच्यासमोर फोटोच्या मागे पेनाने लिहू लागले तर थांबवा, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिल द्या.

समूहफोटोवर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक डोक्याला क्रमांक द्या आणि नावे वेगळ्या कागदावर लिहा. 'डावीकडून तिसरे' अशी वर्णने मागची रांग वाकडी असली की गोंधळ करतात.

जपणुकीबाबत काही गोष्टी माहीत हव्यात. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने कागद कायमचा प्लास्टिकला चिकटतो. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. आधीची टेप ओढूनही काढू नका, तशीच स्कॅन करा. बिलांच्या यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत चिठ्ठ्यांची अक्षरे उन्हाने, उष्णतेने उडतात, त्या सर्वांत आधी घ्या. यंत्रांचे किंवा इमारतींचे निळे नकाशे मिळाले तर उजेडात पसरून ठेवू नका, निळा रंग फिका पडतो. अशा नकाशांना अल्कधर्मी कागदाच्या आवरणातही गुंडाळू नये, साधा आम्लरहित कागद बरा. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म कुजू लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि आधी स्कॅन करा.

कृष्णाकाठच्या गावांनी २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिले आहेत. कागद भिजले तर उन्हात टाकू नका आणि पाने उलटून पाहू नका. साधारण ४८ तासांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळवणे शक्य नसेल तर वही पॉलिथिनमध्ये घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवा, म्हणजे वेळ मिळतो. मग एकेक काढून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांत कोरा टिपकागद घालत वाळवा.

अवघड विषय

प्रत्येक कारखाना-गावात काही वर्षे अशी असतात की बोलणारा तिथे आला की पाणी मागतो. वाडीच्या आसपास १९४२ नंतर प्रतिसरकारची चळवळ होती, शेजारचे कुंडल तिचे मोठे केंद्र. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीची झळ वाडीलाही बसली. त्यानंतरचे संप, टाळेबंदी, निलंबने प्रत्येक गावाची निराळी. हे विषय पहिल्या बैठकीत काढू नका आणि शेवटपर्यंत टाळूही नका. 'त्या रात्री तुम्ही कुठे होता?' असा जागेचा प्रश्न विचारा, 'कोणी केले?' असा विचारू नका. माणूस स्वतः नाव घेईल तेव्हा ते मुद्रणात राहू द्या, पण जाहीर प्रतीत हयात माणसाचे किंवा त्याच्या घराण्याचे नाव दुसऱ्या पुराव्याशिवाय जाऊ देऊ नका. एका जातीच्या घरांत ऐकलेली हकीकत दुसऱ्या जातीच्या घरांत तशीच सांगितली जाईल असे समजू नका. दोन्हींकडून स्वतंत्रपणे ऐका आणि शेजारी शेजारी ठेवा. संपाबाबतही तेच : युनियनचा पदाधिकारी, संपात असलेला साधा कामगार, कामावर गेलेला कामगार, पर्यवेक्षक, आणि त्या महिन्यांत घर चालवलेली बाई. पाचांतला एक जरी नसेल तरी चित्र एका बाजूला कलते.

'आम्ही वाडीचे' हे कशावरून

ही भावना थेट विचारून मिळत नाही. तिच्या खुणा मोजता येतात. सार्वजनिक गणपती एक होता की खात्याखात्यांचे वेगळे, वर्गणी पगारातून कापत की घरोघर मागत. नाटकात कोण काम करायचे, स्त्रीभूमिका कोण करायचे, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेला मंडळी गेली का. कबड्डीचा संघ कोणत्या नावाने उतरायचा, गावाच्या की कंपनीच्या. भोंगा किती वेळा व्हायचा आणि आजूबाजूची गावे त्यावर घड्याळ लावायची का. मुलांनी पत्त्यात काय लिहिले. लग्नपत्रिकेत वराचे गाव कोणते छापले, मूळ गाव की वाडी. शेवटच्या प्रश्नासाठी दहा-दहा वर्षांच्या पत्रिका गोळा करा. मूळ गावाच्या जागी वाडी कधीपासून येऊ लागली, हे त्यांत सरळ दिसते. यासारखा स्वस्त आणि भक्कम पुरावा दुसरा नाही.

निवृत्तीनंतरचा काळ विसरू नका. क्वार्टर कंपनीचे असते, म्हणून माणसाला आयुष्यभराचे गाव सोडावे लागते. कोणी मूळ गावी जातो, कोणी सांगली-मिरजेत जागा घेतो, कोणी जवळच रामानंदनगरात घर बांधून राहतो. घर रिकामे करताना काय मागे ठेवले, झाड कोणी लावले होते, किल्ली कोणाला दिली, हे विचारा. मुलाला तिथे नोकरी लागली का आणि लागली तर कायम की कंत्राटी, हेही. गावाशी असलेले नाते एका पिढीत कसे बदलले ते इथे उघड होते.

फाइली आणि परतफेड

फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस, घराचा तुमचा क्रमांक आणि अनुक्रम ठेवा, उदाहरणार्थ '२०२५-०१-१२_घर०४७_०३'. फाइलचे नाव 'आबांची मुलाखत नवीन फायनल' असे ठेवले की पुढच्या वर्षी कोणते आबा हे कळत नाही. तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावात. पेन ड्राइव्हला जपणूक समजू नका. हार्ड डिस्क वर्षातून एकदा उघडून पाहा. खातेक्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचे क्रमांक, आधार आणि आजाराचे कागद जाहीर प्रतीतून झाका. कारखान्याच्या आतले छायाचित्रण करायचे असेल तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी आधी घ्या. गेटबाहेरच्या वसाहतीसाठीही रखवालदाराला कल्पना दिलेली बरी.

ज्या घरातून कागद स्कॅन केले त्या घराला छापील फोटो आणि मुलाखतीची प्रत महिन्याच्या आत द्या. एक संच गावच्या वाचनालयात, एक जवळच्या महाविद्यालयात, एक कामगार संघटनेकडे ठेवा. नकाशा पूर्ण व्हायची वाट न पाहता अर्धवटच शाळेत किंवा गणपतीच्या मांडवात लावा. शेजारी पेन्सिली आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा, समोर चार खुर्च्या, कारण नकाशासमोर म्हातारी माणसे तासभर थांबतात. चिठ्ठीवर फक्त तीन ओळी छापा : घर क्रमांक, दुरुस्ती, सांगणाऱ्याचे नाव आणि फोन. रोज संध्याकाळी चिठ्ठ्या गोळा करून वहीतल्या त्या घराच्या पानाला टाचा. ज्या घरावर तीन वेगळ्या दुरुस्त्या आल्या असतील, पुढच्या फेरीची सुरुवात त्या घरापासून करा.